पोटगीचा आंकडा आणि बापाची मिळकत

आईबाप एका घरांत नांदत असतात तोंवर मुलाच्या अन्नवस्त्राचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. ज्या सालीं पीक बुडालें किंवा गिरणी बंद पडली त्या सालीं बापही अर्धपोटीं राहतो आणि पोरेंही अर्धपोटीं राहतात. बढती मिळाली कीं दिवाळीला सर्वांनाच नवे कपडे होतात. मिळकतीचा चढउतार चुलीपर्यंत आपोआप पोंचतो, त्याला वकील लागत नाहीं. हा मार्ग तुटतो तो चुली दोन झाल्यावर. मग मिळकत एका घरांत आणि मुलाची भूक दुसऱ्या घरांत अशी स्थिति होते, आणि दोहोंना जोडणारा दुवा म्हणून न्यायालयाच्या हुकुमांत लिहिलेला एक आंकडा तेवढा उरतो. लिहिला त्या दिवशीं तो आंकडा योग्य असेलही. पण तो जागचा हलत नाहीं, आणि बापाची मिळकत, बाजारांतील महागाई व मुलाचें वय हीं तिन्ही हलत असतात. या अडचणीला आपल्या देशांतील कायद्यानें दीडशेंहून अधिक वर्षें कसकसें तोंड दिलें, तो इतिहास पाहण्याजोगा आहे.

मुलांचें पोषण हें बापाचें कर्तव्य आहे, हें सांगण्यास इंग्रजी कायद्याची गरज नव्हती. वृद्ध आईबाप, साध्वी स्त्री आणि तान्हें मूल यांना कांहींही करून पोसलेंच पाहिजे, अशा अर्थाचें एक वचन मनूच्या नांवानें मिताक्षरेंत दिलेलें आहे. परंतु धर्मशास्त्रानें कर्तव्य सांगितलें, तें दरमहा किती रुपयांचें हें सांगितलें नाहीं. आणि तें सांगण्याचें त्या काळीं कारणही नव्हतें. एकत्र कुटुंबांत ताटाचा हिशेब ठेवण्याची रीत नसते.

दरमहाचा आंकडा कायद्यांत आला तो १८६१ सालच्या क्रिमिनल प्रोसीजर कोडानें. त्याच्या ३१६ व्या कलमानें मॅजिस्ट्रेटला असा अधिकार दिला कीं, पुरेशी ऐपत असतांना जो मनुष्य आपल्या बायकोचें, किंवा स्वतःचें पोट भरूं न शकणाऱ्या आपल्या औरस वा अनौरस मुलाचें पोषण करण्यास चुकतो किंवा साफ नाकारतो, त्याला दरमहा ठराविक रक्कम देण्याचा हुकूम करावा. मात्र ही रक्कम पन्नास रुपयांहून अधिक नसावी. कौटुंबिक कर्तव्याचें हें कलम चोरी, मारामारीचे खटले कसे चालवावे हें सांगणाऱ्या ग्रंथांत कां बसविलें, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचें उत्तर विलायतेंत आहे. तेथें एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीपासून गरिबांच्या पोषणाचा भार गांवच्या पॅरिशवर असे, आणि टाकलेलें मूल म्हणजे करभरूंच्या डोक्यावर ओझें, अशी दृष्टि होती. १८७२ चें कोड पुढें नेणारे कायदेमंत्री सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनींही या तरतुदीचें समर्थन करतांना, भटकेगिरीला किंवा निदान तिच्या परिणामांना आळा घालणें हा तिचा हेतु सांगितला. मुलाच्या हक्कापेक्षां रस्त्यावरच्या बंदोबस्ताची काळजी तिच्या मुळाशीं अधिक होती. तथापि या जन्मदोषांतूनच एक मोठा गुण उत्पन्न झाला. हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी असा भेद न करतां, थोड्या खर्चांत व दिवाणी दाव्याच्या मानानें लौकर, कोणत्याही आईला मॅजिस्ट्रेटचें दार ठोठावतां येऊं लागलें.

पुढें १८९८ च्या कोडांत हें कलम ४८८ व्या आंकड्यानें प्रसिद्ध झालें आणि तीनचार पिढ्यांच्या वकिलांच्या तोंडीं तो आंकडा बसला. त्याच्या पाठोपाठ येणारें ४८९ वें कलम लोकांच्या फारसें परिचयाचें नाहीं. पण खरें तंट्याचें मूळ तेंच. पोटगी घेणाऱ्याच्या किंवा देणाऱ्याच्या परिस्थितींत बदल झाला असें शाबीत झाल्यास मॅजिस्ट्रेटनें योग्य वाटेल तसा फेरफार करावा, असें तें सांगतें. म्हणजे आंकडा कायमचा नव्हे, ही गोष्ट कायदा करणारांस ठाऊक होती. आंकडा न देणाऱ्यास शिक्षाही सांगितली होती. जप्ती करूनही वसूल न झालेल्या प्रत्येक महिन्याच्या रकमेबद्दल एक महिन्यापर्यंत तुरुंग. (तुरुंगांत बसलेला बाप त्या महिन्यांत काय मिळविणार, हा प्रश्न तेव्हांही विचारला जाई आणि आजही विचारला जातो. पण तुरुंगाच्या दारापर्यंत नेल्याखेरीज ज्यांच्या कनवटीचा पैसा सुटत नाहीं अशा बापांची जातही जगांत आहे, हेंही तितकेंच खरें.)

फेरफाराचें दार असें उघडें ठेवलें, पण त्याला वरची चौकट मात्र फार बुटकी बसविली. पन्नास रुपयांची मर्यादा १८६१ पासून १९२३ पर्यंत, म्हणजे बासष्ट वर्षें, तशीच होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईनें ती १९२३ सालीं शंभरावर गेली. दुसरें महायुद्ध आलें, रेशनिंग आलें, स्वराज्य आलें, तरी शंभराचे शंभरच. १९५५ सालीं ती पांचशें झाली आणि २००१ पर्यंत, शेचाळीस वर्षें, देशाच्या कायद्यांत पांचशेंच राहिली. या शेचाळीस वर्षांत रुपयाचें काय झालें हें पाहावयाचें असल्यास शाळेंतलें त्रैराशिक पुरेसें आहे. १९५५ च्या सुमारास दहा ग्रॅम सोन्याचा भाव ऐंशी रुपयांच्या आसपास होता. त्या भावानें पांचशें रुपयांत पांच तोळ्यांहून अधिक सोनें येई. २००१ सालीं दहा ग्रॅमला चार हजारांवर रुपये पडत. तेव्हां त्याच पांचशांत जेमतेम एक ग्रॅम येई. आपल्या महाराष्ट्र राज्यानें १९९९ सालीं स्वतःपुरती ही मर्यादा पंधराशें केली, पण तोंवर पुष्कळ मुलें मोठीं होऊन गेलीं होतीं.

या मर्यादेचा एक परिणाम फारसा बोलून दाखविला जात नाहीं. फेरफाराचें कलम दोन्ही बाजूंना सारखें लागू होतें खरें. परंतु ज्या मुलाला आधींच वरची मर्यादा गांठणारी रक्कम मिळत होती, त्याचा बाप कारकुनाचा मॅनेजर झाला तरी मॅजिस्ट्रेटच्या हातीं एक पैही वाढविणें नव्हतें. उलट तोच बाप नोकरीवरून कमी झाला तर रक्कम उतरविण्यास कांहींच आडकाठी नव्हती. खालचें दार उघडें आणि वरचें बंद, असा हा प्रकार होता. श्रीमंत बापाच्या मुलानें दिवाणी कोर्टांत दावा लावावा, असें त्यावर उत्तर असे. दावा लावण्यास लागणारा पैसा व काळ हींच ज्याच्यापाशीं नाहींत त्याला हें उत्तर काय कामाचें?

त्यांतही एका शब्दप्रयोगानें आणखी गोंधळ केला. कायद्यांत ही मर्यादा ‘एकंदर’ रकमेची म्हणून सांगितली होती. आई आणि तिचीं तीन लेंकरें मिळून पांचशें, कीं प्रत्येकीं पांचशेंपर्यंत? पहिला अर्थ घेतला तर चौथें मूल जन्मतांच पहिल्या तिघांचा घांस लहान व्हावयाचा. १९७३ सालीं नवें कोड झालें, ४८८ चें १२५ वें व ४८९ चें १२७ वें कलम झालें, पण हा शब्द तसाच उचलला गेला. अखेर १९७८ सालीं सुप्रीम कोर्टांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं निर्णय दिला कीं, ‘एकंदर’ याचा अर्थ एका मागणाऱ्याच्या अन्न, वस्त्र, औषध इत्यादि सर्व बाबी मिळून एकंदर. सर्व माणसें मिळून एकंदर नव्हे. शब्दाचा एवढा उलगडा होण्यास मूळच्या कोडापासून एक शतकाहून अधिक काळ लोटला.

आंकडा हलविण्याची दुसरी एक युक्ति कांहीं मॅजिस्ट्रेटांना सुचली होती आणि ती व्यवहारज्ञानाची होती. मूल वाढणार, शाळेंत जाणार, त्याचा खर्च वाढणार हें उघड असतांना दर दोनचार वर्षांनीं त्याच्या आईला कोर्टाच्या पायऱ्या कां चढावयास लावा? एकाच हुकुमांत इतक्या वयापर्यंत इतके, पुढें इतके, असा चढता दर लिहून टाकावा. पंजाबांतील एका प्रकरणांत, ज्यांतील नवरा आफ्रिकेंत नोकरीस होता, असाच चढता दर मुलीसाठीं लिहिला गेला. १९६३ सालीं सुप्रीम कोर्टानें तो रद्द केला. पोटगी ठरवावयाची ती हुकुमाच्या वेळच्या परिस्थितीवर. पुढील बदलांसाठीं फेरफाराचें स्वतंत्र कलम आहे. बदल घडण्यापूर्वींच तो गृहीत धरणें मॅजिस्ट्रेटच्या अधिकारांत नाहीं, असें त्याचें तात्पर्य होतें. कायद्याच्या दृष्टीनें हा निर्णय चोख आहे. उद्यां बापाची नोकरी जाईल कीं राहील हें आज कोणी सांगावें? पण त्याचें ओझें कोणावर पडलें हें विसरतां येत नाहीं. बदल शाबीत करावयाचा तो मागणारानें, आणि मागणारी बहुधा ती आई, जिला बापाचा पगार किती हें शेजारच्या बायकांच्या तोंडून कळतें.

बापाची मिळकत वाढली तर काय होतें याचा अलीकडचा एक दाखला बंगाल्यांतला आहे. पगार वाढला हें पाहून कलकत्ता हायकोर्टानें एका पत्नीची व मुलाची पोटगी दरमहा १६,००० वरून २३,००० रुपयांवर नेली. २०१७ सालीं सुप्रीम कोर्टानें ती २०,००० वर आणली. कारण त्या गृहस्थानें दुसरा संसार मांडला होता आणि त्यांतही एक मूल होतें. पगाराच्या पंचवीस टक्के हें पत्नीच्या पोटगीचें साधारण योग्य प्रमाण, ही १९७० सालच्या एका निकालांतील कसोटी तेथें पुन्हां उल्लेखिली गेली. पहिल्या संसारांतील मुलाच्या वाट्यांतून दुसऱ्या संसारांतील मुलासाठीं कापून घ्यावें काय, हा प्रश्न अंगावर कांटा आणणारा आहे. पण दुसरें मूलही मूलच आहे, आणि न्यायाधीशाला दोघांचेंही तोंड पाहावें लागतें.

मिळकत घटते तेव्हांचे तंटे याहून कडू असतात. लखनौच्या कुटुंब न्यायालयानें २०१२ सालीं एका शिपाईपेशाच्या गृहस्थास दरमहा ४,००० रुपये देण्याचा हुकूम केला. तो त्याच वर्षीं लष्करांतून निवृत्त झाला; तेवढ्यावरून हायकोर्टानें रक्कम निम्मी, म्हणजे २,००० केली. ती पोटगी पत्नीची होती, मुलाची नव्हे. परंतु प्रश्न तोच. २०१५ सालीं सुप्रीम कोर्टानें ४,००० चा आंकडा पूर्ववत् केला आणि निवृत्ति झाली म्हणजे जबाबदारी निम्मी होत नाहीं असें ठरविलें. २०२२ सालच्या दुसऱ्या एका प्रकरणांत नवऱ्याचें म्हणणें असें कीं, आपला धंदा बंद पडला, आतां प्राप्ति कांहींच नाहीं. न्यायालयानें उत्तर दिलें कीं, धडधाकट माणसानें अंगमेहनत करूनही बायकापोरें पोसलीं पाहिजेत. आणि मुलाच्या ६,००० रुपयांखेरीज पत्नीस १०,००० देण्याचा हुकूम केला.

या निकालांत कठोरपणा आहे, आणि तो अकारण नाहीं. पोटगीचा दावा लागला कीं चांगला चालता धंदा एकाएकीं भावाच्या नांवावर जातो, बढती नाकारली जाते, पगाराच्या कागदावर नवनव्या कर्जाचे हप्ते दिसूं लागतात. हे अनुभव न्यायालयांना नित्याचे आहेत. तरीही खरोखरच नोकरी गेलेला मनुष्य आणि नोकरी गेल्याचें सोंग करणारा मनुष्य हे दोघे एकाच पिंजऱ्यांत उभे राहतात, आणि कागदावरून ते सारखेच दिसतात. पहिल्याला दुसऱ्याच्या पापाचें प्रायश्चित्त पडूं नये, ही अपेक्षा अवास्तव म्हणतां येणार नाहीं. मात्र अशा माणसानें करावयाची गोष्ट एकच असते. हप्ते तुंबवून घरीं न बसतां ताबडतोब फेरफाराचा अर्ज करावा. हुकूम बदलेपर्यंत जुना आंकडा दर महिन्याला चढत असतो.

या शेवटच्या मुद्द्याचें टोकाचें रूप अमेरिकेंत दिसतें. तेथें १९८६ सालच्या संघीय कायद्यानें मुलाच्या पोटगीचा प्रत्येक हप्ता, ज्या दिवशीं देय झाला त्याच दिवशीं, न्यायालयाच्या पक्क्या निवाड्याप्रमाणें मानला जातो. फेरफाराच्या अर्जाची नोटीस दुसऱ्या पक्षास पोंचण्यापूर्वींची थकबाकी मागाहून माफ करतां येत नाहीं. आजारी पडलेल्या, बेकार झालेल्या वा तुरुंगांत पडलेल्या बापानें वेळेवर अर्ज केला नाहीं तर त्याच्या नांवें डोंगराएवढें देणें उभें राहतें. इंग्लंडनें निराळा मार्ग धरला. तेथेंही अनौरस मुलाच्या पोटगीस आठवड्याला अमुक शिलिंग अशा मर्यादा होत्या. १८७२ सालीं पांच शिलिंग, १९१८ सालीं दहा. त्या सर्व १९६८ सालीं काढून टाकल्या, म्हणजे आपल्या आधीं तेहतीस वर्षें. पुढें १९९३ पासून न्यायाधीशांऐवजीं एका सरकारी खात्यानें गणिताच्या सूत्रानें रक्कम ठरवावी असें केलें. तें सूत्र इतकें गुंतागुंतीचें झालें आणि खात्याच्या चुका व तुंबलेलीं प्रकरणें इतकीं वाढलीं कीं, आईबाप दोघेही त्याच्यावर संतापले आणि सर्व व्यवस्थाच बदलावी लागली. २०१२ पासूनच्या नव्या व्यवस्थेंत प्राप्तिकराच्या नोंदींवरून रक्कम ठरते, दर वर्षीं तिची तपासणी होते, आणि मध्यंतरीं मिळकत निदान पंचवीस टक्क्यांनीं बदलली असेल तरच आंकडा हलतो. बरोबर चोवीस टक्के पगार कमी झालेल्या बापाला या नियमाबद्दल काय वाटत असेल तें सांगावयास नको. पण नियम निदान आधीं ठाऊक असतो.

आपल्याकडे सूत्र आलें नाहीं. आलें तें असें कीं, २००१ सालच्या दुरुस्तीनें पोटगीवरील मर्यादा देशभर नाहींशी केली आणि खटला चालू असतांनाची तात्पुरती पोटगी नोटीस पोंचल्यापासून शक्यतों साठ दिवसांत ठरवावी असें सांगितलें. ‘शक्यतों’ हा शब्द आपल्या कायद्यांत फार राबविला जातो. २००२ सालीं दाखल झालेला एक अर्ज निकालीं निघण्यास नऊ वर्षें लागलीं, आणि २०१४ सालीं सुप्रीम कोर्टाला त्याबद्दल उघड खेद व्यक्त करावा लागला. नऊ वर्षांत बापाची मिळकत किती वेळां चढली अन् उतरली असेल, आणि मूल तर पहिलींतून मॅट्रिकपर्यंत जाऊन पोंचतें. म्हणून पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावयाची कीं हुकुमाच्या तारखेपासून, हा दिसावयास कारकुनी वाटणारा प्रश्न वस्तुतः फार मोठ्या रकमेचा ठरतो.

हे सर्व धागे एकत्र आले ते नागपुरांतील एका प्रकरणांत. २०१३ च्या जानेवारींत एक स्त्री तान्हें मूल घेऊन सासरहून निघाली आणि त्याच वर्षीं तिनें कुटुंब न्यायालयांत अर्ज केला. २०१५ च्या ऑगस्टांत तात्पुरता हुकूम झाला. आईस दरमहा १५,००० रुपये. मुलास सप्टेंबर २०१३ पासून ५,००० आणि सप्टेंबर २०१५ पासून १०,०००. मुलाचें वय वाढल्याबरोबर रक्कम दुप्पट झाली, पण ती मागील काळाचा हिशेब करून. पुढील वर्षांचा चढता दर न्यायालयानें लिहिला नाहीं, म्हणजे १९६३ चा दंडक पाळला गेला. नवरा मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापुढें गेला, तेथें हरला, आणि दिल्लीस गेला. त्याचें म्हणणें असें कीं, न्यायालयानें २००६ सालच्या प्राप्तिकराच्या कागदांवरून २०१३ ची पोटगी ठरविली, आणि आज तर आपण बेकार आहों. सुप्रीम कोर्टानें हुकूम कायम केला. पण त्याबरोबर ४ नोव्हेंबर २०२० च्या त्या निकालांत न्यायमूर्ति इंदू मल्होत्रा व न्यायमूर्ति सुभाष रेड्डी यांनीं देशांतील सर्व न्यायालयांस नियम घालून दिला. आईनें आणि बापानें, दोघांनींही, आपला पगार, बँकेंतील ठेवी, घरदार, कर्ज आणि खर्च यांचें प्रतिज्ञापत्र सुरुवातीसच दाखल करावें, तात्पुरत्या पोटगीचा निकाल चार ते सहा महिन्यांत व्हावा, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. शेजारणीच्या तोंडून पगार कळण्याचे दिवस निदान कागदावर तरी संपले.

१ जुलै २०२४ पासून १९७३ चें कोड जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. जुन्या ४८८ व्या व १२५ व्या कलमाचें तींत १४४ वें कलम झालें, आणि फेरफाराचें कलम १४६ वें. नागपूरच्या त्या बापाला उरलेली थकबाकी भरण्यास बारा आठवड्यांची मुदत मिळाली होती. अर्ज झाला तेव्हां वर्षाचेंही नसलेलें त्याचें मूल अंतिम निकालाच्या दिवशीं शाळेंत जाण्याच्या वयाचें झालें होतें, आणि त्याच्या दहा हजारांचा आंकडा पांच वर्षांपूर्वीं लिहिलेलाच होता.